मैलांची शिल्लक

शनिवारी कुठं जायचं हे ठरलं, डब्यात कुणी काय आणायचं तेही ठरलं, की आमच्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. "कुणाच्या गाडीत मैल आहेत?" न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांत हा प्रश्न आता इतका रुळला आहे की त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटत नाही. कुणाची गाडी ऐसपैस आहे, कुणाला लांबचं ड्रायव्हिंग आवडतं, हे मागाहून येतं. आधी मैल. मग एकजण खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघत म्हणतो, "माझे संपत आलेत, डिसेंबरपर्यंत पुरवायचेत." दुसरी म्हणते, "आमची नवी आहे, तीच काढा." लहानपणी आई गॅसचा सिलिंडर किंचित उचलून, हलवून बघायची आणि उरलेला महिना त्या अंदाजावर काढायची. तसेच आम्ही दारातल्या गाडीकडे बघत असतो.

या सगळ्या गाड्या लीजवर घेतलेल्या. लीज म्हणजे काय, हे मला इथं आल्यावर बऱ्याच उशिरा नीट कळलं. नव्या गाडीची एक किंमत ठरते. तीन वर्षांनी हीच गाडी कितीला विकली जाईल, याचाही एक आकडा कंपनी पहिल्याच दिवशी लिहून टाकते. त्याला रेसिड्युअल म्हणतात. या दोन आकड्यांमधला फरक आपण 36 महिन्यांत फेडायचा आणि वर व्याजासारखं काही द्यायचं. गाडी शेवटपर्यंत त्यांचीच राहते, आपण फक्त तिची झीज विकत घेतो. हे समजल्यावर मैलांची अट आपोआप समजते. गाडी जितकी पळेल तितकी झिजेल, आणि झीज किती विकायची हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. वर्षाला 10 हजार मैल, 12 हजार किंवा 15 हजार. त्यापुढच्या प्रत्येक मैलाला 15 सेंट, 20 सेंट, भारी गाडीला 25 किंवा त्याहून अधिक. ग्राहकाला हे सगळं आधी लेखी सांगितलंच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत 1976 साली झाला. त्यामुळे तो आकडा करारात स्पष्ट छापलेला असतो. कुणी फसवत नाही. वाचायचं की नाही, हे आपल्यावर असतं.

ती खोली मला अजून आठवते. राउट 22 वर गाड्यांची दुकानं ओळीनं आहेत. त्यांतल्या एका दुकानात, मागच्या बाजूला, काचेची एक लहान खोली होती. टेबलापलीकडे बसलेला माणूस सौम्य बोलत होता. त्यानं रंग विचारला, सीटचं कापड विचारलं आणि त्याच सुरात विचारलं, "वर्षाला किती मैल चालवता?" नवऱ्यानं मोबाइलवर गुणाकार केला. घर ते ऑफिस, आठवड्याचे पाच दिवस, मुलांचे क्लास, देऊळ, ओक ट्री रोडवरचा किराणा. उत्तर 12 हजारांच्या जरा आत आलं. महिन्याला हजार, दिवसाला साधारण 33. त्या माणसानं मान डोलावली, पडद्यावर एका चौकोनात खूण केली, आणि आमच्या पुढच्या तीन वर्षांचं अंतर ठरलं.

मी नंतर त्या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. आयुष्यात इतक्या थेटपणे हे मला दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही. पुढच्या तीन वर्षांत तुम्ही कुठं कुठं जाल? डॉक्टर विचारत नाहीत, ज्योतिषी स्वतःच सांगतो, आई-वडील विचारायला धजत नाहीत. गाडी विकणारा मात्र विचारतो, आणि आपण दोन मिनिटांत उत्तर देतो. त्या गुणाकारात ऑफिस असतं, क्लास असतात, जे आजवर झालं ते सगळं असतं. कुणाचं लग्न ठरेल, कुणाला बाळ होईल, कोण नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाईल, कोण आजारी पडेल, हे त्यात कुठून यावं? पण गाडी लागते ती यांच्यासाठीच. ऑफिसला लोक ट्रेननंही जातात.

तिथून पुढं डॅशबोर्डवरचा मैलांचा आकडा घरातला एक सदस्य होतो. गाडी लावून इंजिन बंद करायच्या आधी नजर आपोआप तिकडे जाते. दूध, लायब्ररी आणि टपाल अशी तीन कामं एका फेरीत बसवली जातात. घरात एक जुनी, स्वतःच्या मालकीची गाडी असेल तर लांबच्या प्रवासाला ती निघते, आणि नवी चकचकीत गाडी दारात थांबते. दोन्ही गाड्या लीजच्या असतील तर नायगाराला जायला तिसरी गाडी दोन-तीन दिवसांच्या भाड्यानं आणतात, कारण तिला बहुधा मैलांची मर्यादा नसते. हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, पण हिशेबात चोख बसतं. इथली माणसं हिशेबाला पक्की आहेत, आणि आम्ही देशावरून आलेले तर त्याहून. या काटकसरीबद्दल मला आदरच आहे. नव्या मुलखात घर उभं करणाऱ्यांनी पै-पैचा विचार केला नाही तर कुणी करायचा?

अंतर मोजण्याचा नाद मात्र फार जुना. विट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, एका रथाच्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं आहे. रथाचं चाक ठरावीक मापाचं. त्याचे 400 फेरे झाले की एक रोमन मैल भरायचा, दातेरी चक्रं एक घर पुढं सरकायची आणि वरच्या पेटीतला एक खडा खालच्या कांस्याच्या भांड्यात पडायचा. दिवसाअखेरीस खडे मोजायचे. ते वाचल्यापासून मला वाटतं, आमच्या गाडीतही असाच आवाज व्हायला हवा होता. प्रत्येक मैलाला टण्ण. पडद्यावरचा आकडा मुकाट्यानं बदलतो, म्हणून आपल्याला महिन्याच्या शेवटी धक्का बसतो.

दुसरा किस्सा याच देशातला, 1847 सालचा. मॉर्मन पंथाच्या पहिल्या तुकडीचे लोक बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन नेब्रास्काची मैदानं ओलांडत पश्चिमेला निघाले होते. त्यांच्यातल्या विल्यम क्लेटन नावाच्या कारकुनावर दिवसभराचं अंतर टिपायची जबाबदारी होती. प्रत्येकाचा अंदाज वेगळा, म्हणून त्यानं एका गाडीच्या चाकाला लाल कापड बांधलं आणि चाकाशेजारून चालत त्याचे फेरे मोजले. 360 फेरे म्हणजे एक मैल. सकाळपासून तळ पडेपर्यंत, धुळीत, नजर त्या लाल चिंधीवर. पुढं त्याच तुकडीतल्या ऑर्सन प्रॅटनं लाकडी दातेरी चक्रांच्या यंत्राचा आराखडा केला, ॲपलटन हार्मन या सुतारानं ते घडवलं आणि क्लेटनची सुटका झाली. त्या मोजणीचं त्यानं काय केलं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. 1848 साली त्यानं वाटेचं एक लहानसं पुस्तक छापलं. कुठल्या मैलावर ओढा, कुठं चढ, कुठं गवत, कुठं तळ टाकावा. त्याच्या मागून येणाऱ्या कुटुंबांनी ते हातात धरून प्रवास केला. क्लेटन आपण किती आलो ते मोजत होता, आणि मागच्यांसाठी मोजत होता. आम्ही किती उरले ते मोजतो. एकाच चाकाची ही दोन मोजमापं, पण माणसाचा चेहरा दोन्हींत एकसारखा राहत नाही.

पहिल्या लीजच्या गाडीत वडील बसले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली आणि अण्णांचा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे "मी आणि एसटी एका वयाचे" हे त्यांचं आवडतं वाक्य. यवतेश्वरचा घाट, कासचं पठार, खाली कोयनेच्या पाण्यापर्यंत बामणोली. मेढा, केळघर, महाबळेश्वर. वाईवरून पसरणीच्या घाटानं पाचगणी. हे रस्ते त्यांच्या हातांत आहेत. स्वतःच्या नावावर त्यांनी कधी सायकलपलीकडे वाहन घेतलं नाही. तरी घरातून निघताना म्हणायचे, "माझी गाडी चारला सुटते." त्यांच्या तोंडी ती नेहमी माझी गाडी. डेपोत गेल्यावर कधी ही मिळायची, कधी ती. चाकावर हात ठेवला की ती त्यांची व्हायची.

न्यू जर्सीत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी पट्टा बांधला, रस्त्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातांकडे. ड्रायव्हरची पाहायची रीत ती. नंतर आकड्याकडे बोट दाखवून विचारलं, "किती पळाली?"

"आठ हजार मैल, अण्णा."

त्यांनी मनात गुणाकार केला. "तेरा हजार किलोमीटर. लहान आहे अजून. आणि कुठवर चालवायची?"

"छत्तीस हजार मैल. मग परत द्यायची."

मला वाटलं, त्यांना नवल वाटेल. एवढा पैसा भरून परत कशाला, असं विचारतील. बाकी सगळ्या नातेवाइकांनी तेच विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "म्हणजे डेपोची गाडी." आणि खिडकीबाहेर बघू लागले. लीजचा करार इतक्या कमी शब्दांत मला कुणी समजावलेला नव्हता.

मग पुढचे काही दिवस ते एसटीचा हिशेब सांगत राहिले. दहा लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर गेली, यावर ड्रायव्हरचा हात तोलला जातो. उतारावर कसं सोडायचं, ब्रेक कसा कमी लावायचा, घाटात दुसऱ्या गिअरला कुठं यायचं, म्हणजे डिझेलही वाचतं आणि गाडीही. लॉगशीटवर फेरीचे किलोमीटर लिहायचे. गाडी डेपोत लावताना काही कुरकुर असेल तर तीही लिहायची, कारण पहाटे ती दुसऱ्याच्या हातात जाणार. "आपण उतरतो तेव्हा गाडी संपत नाही, पोरी," ते म्हणाले. लीजची गाडीही आपल्यानंतर दुसऱ्याकडे जाते. मर्यादा घातलेली असते ती त्या पुढच्या माणसासाठी, त्याला गाडी बरी मिळावी म्हणून. एवढं ध्यानात घेतल्यापासून त्या आकड्यावरचा माझा राग पुष्कळ उतरला. यंत्र जपण्यासाठी घातलेली मर्यादा मला मान्य आहे. अण्णांच्या मुलीला ती मान्य असायलाच हवी.

एका शनिवारी त्यांना घेऊन आम्ही पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला गेलो. आमच्याकडून दोनेक तासांचा रस्ता. तिथं आमिश पंथाच्या लोकांची शेती आहे. मक्याची हिरवी रानं, दोरीवर वाळत घातलेले गडद रंगाचे कपडे, आणि रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या करड्या रंगाच्या घोडागाड्या, मागं नारिंगी त्रिकोण लावलेला. अण्णांनी मला गाडी हळू करायला लावली. पुढच्या घोडागाडीत एक दाढीवाला तरुण लगाम धरून बसला होता. "हात हलके आहेत त्याचे," अण्णा म्हणाले. त्या मुलखातले बरेच घोडे पूर्वी शर्यतीत गाडी ओढणारे असतात, तिथून निवृत्त झालेले. तासाला आठ-दहा मैल जातात.

या लोकांची गाडीबद्दलची रीत ऐकून मी थक्क झाले. आमिश माणसानं मोटार बाळगायची नाही, चालवायची नाही. पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला हरकत नाही. दवाखाना, लांबचं लग्न, दूरच्या वस्तीतले नातेवाईक यांच्यासाठी ते बाहेरच्या माणसाची व्हॅन बोलावतात आणि मैलामागं पैसे देतात. त्यांची प्रार्थना घरोघरी पाळीपाळीनं होते, एका गटात साधारण पंचवीस-तीस कुटुंबं, आणि तिथं घोड्यानं पोचता येईल इतकंच अंतर ठेवलेलं. मोटार दारात आली की माणूस शेजारी सोडून लांब लांब जाऊ लागेल आणि शेजार विस्कटेल, ही त्यांच्या वडीलधाऱ्यांची भीती. म्हणून त्यांनी मोटारीला पाप ठरवलं नाही, फक्त ती घरात येऊ दिली नाही. त्यांनीही अंतराला मर्यादा घातली आहे, पण ती माणसं जवळ राहावीत म्हणून.

मला हे पटत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णांना मात्र पटलं नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. एका फळांच्या टपरीपाशी गाडी थांबवली, तेव्हा म्हणाले, "गाडीनं माणूस लांब जातो म्हणतात, ते सगळं खरं नाही. मुक्कामाची गाडी नसती तर बामणोलीकडच्या पोरी माहेरी आल्या नसत्या. पंचमीला गाडीत उभं राहायला जागा नसायची." मुक्कामाची गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावी थांबून पहाटे परतणारी. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे, गावातलं कुणीतरी भाकरी आणून द्यायचं. त्या गाडीतून उतरणाऱ्या सासुरवाशिणी त्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. कडेवर पोर, हातात पिशवी, आणि पाय जमिनीला लागायच्या आत अंधारात कुणाला तरी मारलेली हाक. अंतराबद्दल बोलायचा अधिकार आमिश वडीलधाऱ्यांना आहे, तसा तो अण्णांनाही आहे. दोघांपैकी एक निवडायचा झाला तर मी अण्णांच्या बाजूनं उभी राहीन. मी स्वतः दूर दिलेली लेक आहे. माझ्या माहेरच्या वाटेवर एसटी चालत नाही, एवढाच फरक.

2020 सालचं तर काय सांगावं. दुसरी लीजची गाडी तेव्हा दारात होती आणि महिनोन् महिने आकडा हलला नाही. ज्या मैलांसाठी वर्षभर हात आखडता घेत होतो, ते अचानक ढिगानं पडले होते आणि जायला जागा नव्हती. हप्ता चालूच. न वापरलेल्या मैलांचे पैसे परत मिळत नाहीत. बॅटरी उतरू नये म्हणून नवरा दर रविवारी गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं तिच्यात बसायचा. पुढच्या वर्षी चिपांचा तुटवडा आला, नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या, जुन्यांचे भाव चढले. करारात तीन वर्षांपूर्वी लिहिलेला रेसिड्युअलचा आकडा बाजारभावापेक्षा पुष्कळ खाली राहिला. ओळखीतल्या अनेकांनी परत द्यायच्या गाड्या त्या लिहिलेल्या भावात विकत घेऊन टाकल्या. आम्हीही घेतली. ती आता मुलगा कॉलेजला वापरतो. एवढे तज्ज्ञ बसवून तीन वर्षांपुढचा अंदाज बांधणाऱ्या कंपन्याही चुकल्या, तर काचेच्या खोलीत दोन मिनिटांत गुणाकार करणाऱ्यांचा काय पाड!

तिसऱ्या गाडीच्या वेळी आम्ही पुन्हा 12 हजारच सांगितले. त्या गाडीला एक वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझी मैत्रीण आजारी पडली. साताऱ्यात एकाच बाकावर बसून शिकलेली, लग्नानंतर बॉस्टनजवळ स्थायिक झालेली. नवऱ्याची नोकरी फिरतीची, मुलगी लहान. केमोथेरपी सुरू झाली. आमच्या घरापासून तिचं घर सव्वादोनशे मैलांच्या पुढं. जाऊन-येऊन साडेचारशे ते पाचशे. 20 सेंटनं धरलं तर एका खेपेचे शंभरेक डॉलर, पेट्रोल आणि टोल वेगळे. हा हिशेब माझ्या मनात आपोआप झाला. तो झाला याची मला तेव्हा भीती वाटली. जिला मी शाळेपासून ओळखते, तिच्याकडे जायच्या वाटेवर मैलांचा दर लिहिलेला दिसत होता.

करार सगळ्या मैलांना एकच दर लावतो. मॉलला जाऊन आणलेल्या चपलांचा मैल 20 सेंटचा, मैत्रिणीच्या उशाशी पोचलेला मैलही 20 सेंटचा. यंत्राच्या बाजूनं ते बरोबरच आहे. टायरला दोन्ही सारखेच लागतात. पण आपण रोज त्या आकड्याकडे बघत राहिलो तर हळूहळू आपणही सगळ्या मैलांना एकच दर लावू लागतो. मग चपला आणि मैत्रीण एका तागडीत येतात, आणि चपला जवळच्या दुकानात असतात. मला त्या अटीतला खरा धोका हा वाटतो. अट पैशाची असते. तिला माणसांपर्यंत आपण पोचू देतो.

मी जात राहिले. किती वेळा, ते मोजलं नाही. शुक्रवारी ऑफिसमधून परस्पर निघायचं, जुन्या टॅपन झी पुलाच्या जागी बांधलेल्या नव्या पुलावरून हडसन ओलांडायची, कनेटिकटमध्ये कुठंतरी कॉफी घ्यायची. डब्यात मऊ भात, मेतकूट, तिला चालेल असं काही. रात्री पोचल्यावर तिच्या मुलीला झोपवायचं आणि मग दोघी मिळून साताऱ्याच्या गप्पा. राजवाड्यापुढची भेळ, पोवई नाक्यावरचा पाऊस, बाईंचा मार. पहिल्या एकदोन महिन्यांनंतर आकड्याकडे बघायची सवय सुटली. नवऱ्यानंही कधी विषय काढला नाही. त्यानं शांतपणे स्वतःसाठी ट्रेनचा पास काढला आणि गाडी मला मोकळी करून दिली. अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "रात्रीची चालवतेस, तर डोळ्याला त्रास होत नाही ना?" मैत्रीण आता बरी आहे. ती स्वतः गाडी चालवते, कामावरही रुजू झाली आहे.

तीन वर्षं संपत आली तेव्हा परतीची तपासणी करणारा माणूस दारात आला. त्याच्याकडे प्लास्टिकचं एक छोटं कार्ड होतं. ओरखडा किंवा पोचा त्या कार्डाच्या मापात झाकला गेला तर सोडून द्यायचा, बाहेर गेला तर लिहायचा. टायरच्या खाचांत त्यानं माप घातलं, सीटखाली बघितलं आणि शेवटी आकड्याचा फोटो काढला. ठरलेल्या 36 हजारांपेक्षा पाच हजारांच्या वर मैल जास्त झाले होते. बिल हजार डॉलरच्या पुढं. तो जरा संकोचून म्हणाला, पुढच्या वेळी आधीच जास्तीचे मैल घ्या, ते स्वस्त पडतात. तो खरं सांगत होता.

मी डॅशबोर्डवरचा गणपती काढला, टोलचा टॅग काढला, दारातल्या कप्प्यातली चिल्लर काढली. अण्णांची एक लाडकी गाडी भंगारात निघाली तेव्हा तिच्यातला खंडोबाचा फोटो काढायला ते सुट्टीच्या दिवशी डेपोत गेले होते, हे आईनं सांगितलेलं आठवलं. लीजवरून परत आलेल्या कित्येक गाड्या पुढं लिलावात जातात. त्यातला एक मोठा लिलाव 1945 पासून मॅनहाइम या गावी भरतो, आणि ते गाव लँकेस्टर काउंटीतलंच, आमिश शेतांच्या शेजारचं. आमची गाडी तिथं गेली का, मला कळायला मार्ग नाही. कुणीतरी ती घेतली असेल, आणि आता तिचे मैल तो मोजत असेल.

आता पुण्या-मुंबईतही गाडी महिन्याच्या भाड्यानं मिळू लागली आहे, किलोमीटरची मर्यादा घालून. माझ्या भाच्यानं परवा फोन करून विचारलं, किती किलोमीटरचा प्लॅन घेऊ? त्याला जे सांगितलं तेच हे वाचणाऱ्यांना सांगते. घर ते ऑफिस हे अंतर धरा. मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला माणसांची नावं लिहा. थकलेले आई-वडील कुठं आहेत, बहीण कुठं दिली आहे, बाळंतपणाला कोण बोलावील, कुणाची तब्येत नाजूक आहे. तीही अंतरं मिळवा, आणि जो प्लॅन पुरेल त्याच्या वरचा घ्या. इथं असाल तर सरळ 15 हजार मागा. महिन्याला काही डॉलर जास्त जातील, ते जाऊ द्या. आणि एवढं करूनही मैल संपले, आणि कुणाचा फोन आला, तर वरचे पैसे भरा, पण जा.